तंबूतले नृत्य आणि न बोललेले प्रेम
(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

दोन पात्रांमध्ये पटकथेने कुठेही सांगितलेले नाही असे प्रेम प्रेक्षकाला दिसते, तेव्हा ते त्याला पडद्यावर दिसलेले असते की त्याने स्वतःच्या मनातून तिथे नेऊन ठेवलेले असते, हा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी मी एकच जोडी निवडली आहे: हॅरी पॉटर आणि हर्मायनी ग्रेंजर. २००१ ते २०११ या काळात आलेल्या आठ चित्रपटांत डॅनिअल रॅडक्लिफ आणि एमा वॉटसन यांनी ही पात्रे रंगवली. कथेने हर्मायनीची गाठ त्यांच्या तिसऱ्या मित्राशी, रॉनशी, बांधलेली आहे, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. तरीही हॅरी आणि हर्मायनी यांच्यातली केमिस्ट्री कथेला न जुमानता जाणवते, असे मानणारा फार मोठा प्रेक्षकवर्ग आहे. त्या वर्गाला भाबडा म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही. पडद्यावर काहीतरी घडत असल्याशिवाय इतक्या लोकांना एकच गोष्ट दिसत नाही. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे मात्र दृश्य समोर ठेवून तपासले पाहिजे.

या तपासणीची साधने आपल्या गावात एकाच रस्त्यावर ठेवलेली आहेत. लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे आणि त्याच रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय व प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर उभी राहिलेली चित्रपट संस्था आहे. सतीश बहादूर यांनी याच संस्थेत चित्रपटाचा रसास्वाद शिकवला. काव्यशास्त्राचा अभ्यासक आणि चित्रपटाचा अभ्यासक एकमेकांकडे क्वचितच जातात याची मला मनापासून खंत वाटते, कारण न बोललेल्या प्रेमाचे वाचन कसे करावे याचा जितका बारकाईने विचार आपल्या काव्यशास्त्राने केला आहे, तितका मला अन्यत्र आढळलेला नाही.

हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहातली एक गाथा काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ या सूचित अर्थावरच्या ग्रंथात उदाहरण म्हणून घेतली. एक स्त्री फुले तोडायला येणाऱ्या एका धर्मपरायण गृहस्थाला सांगते की, आता निर्धास्तपणे हिंडा. तुम्हाला त्रास देणारा तो कुत्रा गोदातीरावरच्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने मारला. शब्दांनी दिलेली आहे ती परवानगी, पण ऐकणाऱ्याला उमगते ते असे की, इकडे फिरकू नका. आणि टीकाकारांना त्याहून पुढे उमगते ते असे की, त्या कुंजात तिला कोणाला तरी भेटायचे आहे. प्रियकराचा उल्लेख गाथेत नाही. तरीही हे वाचन मनमानी ठरत नाही, कारण सिंहाची बातमी देऊन वर निर्धास्त राहायला सांगणे ही विसंगती गाथेतच आहे आणि त्या विसंगतीचा उलगडा प्रियकराशिवाय होत नाही. आनंदवर्धन म्हणतो की, प्रकाश हवा असलेला माणूस जसा आधी दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, तसा सूचित अर्थ हवा असलेल्याने आधी उघड अर्थाकडे नीट लक्ष द्यावे. आपल्या कामासाठी याचा अर्थ असा की, छुपे प्रेम वाचायचे असेल तर चौकटीत न सुटलेले असे काय उरले आहे, हे आधी दाखवता आले पाहिजे.

हे आता २०१० सालच्या सातव्या चित्रपटातल्या तंबूच्या दृश्याला लावून पाहू. दिग्दर्शक डेव्हिड येट्स आणि पटकथाकार स्टीव्ह क्लोव्हज. रॉन रागाने निघून गेला आहे, हिवाळा आहे, आजूबाजूला माणूस नाही. रेडिओवर निक केव्ह यांचे गाणे लागलेले आहे. हॅरी उठतो, हात पुढे करतो, हर्मायनीच्या गळ्यातले, शत्रू व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा अंश असलेले शापित लॉकेट काढून बाजूला टाकतो आणि तिला नाचायला लावतो. ती आधी जड पावलांनी हलते, मग हसते, गिरकी घेते; गाणे ओसरत जाते, दोघे क्षणभर एकमेकांना टेकून उभे राहतात, आणि मग ती दूर होते. हे नृत्य कादंबरीत नाही. चित्रपटकर्त्यांनी ते मुद्दाम घातले, आणि पडद्यावर पाहायला मिळते ते सगळे त्यांनी विचारपूर्वक ठेवलेले आहे असे धरूनच आपण चालले पाहिजे.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर इथे शृंगाराची, म्हणजे प्रेमाच्या रसाची, बरीचशी सामग्री हजर आहे. तरुण स्त्री-पुरुष आहेत, एकान्त आहे, संगीत आहे, स्पर्श आणि स्मित आहे. प्रेक्षकाला इथे प्रेम दिसते ते याच सामग्रीमुळे, आणि म्हणून त्याचे दिसणे निराधार नाही. परंतु भरताने सांगितलेल्या तेहेतीस संचारी, म्हणजे येऊन जाणाऱ्या, भावांपैकी इथे कोणते येऊन जातात ते पाहा: श्रम, दैन्य, विषाद, आणि त्यांच्यामध्ये थोडा वेळ हर्ष. शृंगाराची खूण म्हणून आपण ज्या भावाकडे पाहतो ती व्रीडा, म्हणजे लाज, इथे नाही. हॅरी हात पुढे करताना जराही अडखळत नाही आणि लॉकेट काढताना तिच्या गळ्याशी गेलेला त्याचा हात एका थकलेल्या सोबत्याचा भार उतरवणाऱ्याचा आहे.

या लाजेचे महत्त्व मला दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी सर्वांत स्पष्ट दिसते. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, साल २००२. दगडासारखी निश्चल झालेली हर्मायनी बरी होऊन भोजनगृहात धावत येते आणि हॅरीच्या गळ्यात पडते. मग ती रॉनकडे वळते, दोघेही मिठी मारण्याच्या बेतात असतात, थबकतात, आणि नुसते हस्तांदोलन करतात. अनेकजण ती मिठी हॅरीच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडतात. मला तर पुरावा त्या हस्तांदोलनात दिसतो, कारण संकोच तिथे आहे. गाथेतल्या सिंहासारखी न उलगडणारी गोष्ट हीच: जी मुलगी एका मित्राला बिनदिक्कत कवटाळते, ती लगेच दुसऱ्यापाशी का थांबते? याचे उत्तर रॉनबद्दलच्या भावनेशिवाय मिळत नाही. २००९ सालच्या सहाव्या चित्रपटात रॉनला लॅव्हेंडर या दुसऱ्या मुलीसोबत पाहून ती जिन्यात रडत बसते आणि हॅरीच्या खांद्यावर डोके ठेवते. तिथला स्पर्शही असाच मोकळा आहे, आणि रडणे मात्र दुसऱ्यासाठी आहे.

तरीही तंबूतला तो शेवटचा क्षण, गाणे ओसरल्यानंतरचा थांबा, मी झटकून टाकू शकत नाही. तिथे दृश्य जरुरीपेक्षा किंचित जास्त रेंगाळते, आणि त्या जास्तीच्या वेळात दोघांनाही शक्यतेची जाणीव होते, असे माझे वाचन आहे. ती शक्यता संचारी भावासारखी येते आणि जाते. तिचा स्थायी, म्हणजे टिकून राहणारा, भाव होत नाही, कारण पुढची दृश्ये तिला पोसत नाहीत. संपादनाची ताकद इथे लक्षात घ्यावी लागते. लेव्ह कुलेशोव्ह यांनी एकाच नटाचा एकच चेहरा वेगवेगळ्या चित्रांशेजारी जोडला आणि प्रेक्षकांना त्यावर वेगवेगळ्या भावना दिसल्या, ही हकिकत चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. नजर लांबवली की तिच्यात ओढ भरते. म्हणून एका लांबलेल्या नजरेवर मी पूर्ण प्रेमकथा उभी करणार नाही.

लेखिकेच्या साक्षीचे काय, असे कोणी विचारील. जे. के. रोलिंग यांनी २०१४ साली एका मुलाखतीत रॉन आणि हर्मायनी यांची जोडी आपण एक प्रकारच्या इच्छापूर्तीपोटी जुळवली, असे म्हटले, आणि अनेकांना वाटले की निकाल लागला. मला तसे वाटत नाही. लेखिकेचे नंतरचे मत हे एका जाणत्या वाचकाचे मत आहे. ते पडद्यावरच्या हस्तांदोलनाला पुसत नाही.

चित्रपटात एक वाचक मात्र असा आहे की ज्याला ही छुपी केमिस्ट्री सर्वांआधी दिसते, आणि तो म्हणजे रॉन. सातव्या चित्रपटातच तो लॉकेट नष्ट करायला तलवार उचलतो, तेव्हा त्यातून हॅरी आणि हर्मायनी यांच्या आकृती बाहेर येऊन एकमेकांचे चुंबन घेतात. ही असूयेने घडवलेली प्रतिमा आहे, आणि चित्रपट ती शत्रूच्या जादूच्या तोंडी घालतो. तंबूतले नृत्य आणि ही आकृती एकाच चित्रपटात, थोड्या अंतराने ठेवण्यात मला मोठी समज दिसते. मघाशी आपल्याला जे अंधुक वाटून गेले होते, तेच आता रॉनच्या भीतीने विद्रूप होऊन समोर येते.

या दोघांमधले सर्वांत गहिरे दृश्य माझ्या मते २०११ सालच्या शेवटच्या चित्रपटात आहे. हॅरी अरण्यात मरायला निघाला आहे. त्याच्या स्वतःमध्येच शत्रूच्या आत्म्याचा अंश आहे हे त्याला कळलेले आहे, आणि तिलाही ते काही काळापासून कळलेले असावे, असे तो तिला सांगतो. ती सोबत येते म्हणते, तो नको म्हणतो, आणि ती त्याला मिठी मारते. रॉन तिथेच उभा आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर या वेळी असूया नाही. हॅरी आणि हर्मायनी यांच्यात इतका काळ न बोललेले राहिले होते ते हॅरीचे मरण होते. हर्मायनीने ते ओळखून मनात ठेवले होते, आणि तंबूतल्या नृत्यापेक्षा तिच्या या ओळखण्यात मला त्यांचे नाते अधिक पूर्णपणे वाचता येते.