सही कोणाची?

(दृश्य: वॉर्ड, सकाळचा राउंड)

दाराशी बसलेल्या सिस्टरच्या हातातला तक्ता नीट पाहा. दर 15 मिनिटांनी एक नोंद: पेशंट जागा आहे का, काही बोलला का, पाणी प्यायला का. जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी धास्ती ज्याच्याबद्दल वाटते, त्याच्यावर अशी नजर ठेवावी लागते. इथे कुठलं मोठं यंत्र नाही. एक माणूस दुसऱ्याजवळ बसून आहे, आणि हाच उपचार आहे.

(दृश्य: कार्यालय, महिन्याचा खर्चाचा तक्ता)

आता तोच उपचार या कागदावर शोधा. 'जादा मनुष्यबळ' अशी जी ओळ आहे, ती त्याची. मानसिक आरोग्याच्या संस्थेत खर्चाचा मोठा वाटा पगारांवर जातो, त्यामुळे काटकसर म्हटलं की कात्री माणसांवरच चालते. हिशेबाचा वाटणारा निर्णय इथे बहुतेक वेळा उपचाराचा निर्णय असतो. मग शेवटची सही मनोविकारतज्ज्ञाची असावी की व्यवस्थापन शिकून आलेल्या प्रशासकाची?

(दृश्य: जुनी चित्रं आणि नकाशे)

एके काळी हा प्रश्नच पडत नव्हता. 1844 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला मनोरुग्णालयांच्या 13 वैद्यकीय अधीक्षकांनी, म्हणजे प्रमुख डॉक्टरांनी, एकत्र येऊन संघटना काढली. आजची अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन ती हीच. त्यांच्यापैकी थॉमस कर्कब्राइड यांच्या पद्धतीत इमारतीचा नकाशा, खेळती हवा, शेती, स्वयंपाकघर, नोकरांच्या नेमणुका, सगळं अधीक्षकाच्या हाती. एका रुग्णालयात 250 हून जास्त रुग्ण नकोत, असा त्यांचा आग्रह होता. पुढे संघटनेनंच ती मर्यादा 600 वर नेली. डॉक्टरांच्याच हातून गर्दीला वाट मिळाली, हेही सांगायला हवं.

आणि हे कोरीवचित्र. लंडनच्या बेथलेम या मनोरुग्णालयातला रुग्ण जेम्स नॉरिस. 1814 मध्ये पाहणी करणाऱ्यांना तो दिसला, तेव्हा कित्येक वर्षांपासून लोखंडी पट्ट्यांत जखडलेला होता. त्या रुग्णालयाला डॉक्टर होते.

याउलट, 1796 मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कला 'रिट्रीट' नावाचं मनोरुग्णालय सुरू केलं ते विल्यम ट्यूक यांनी, आणि त्यांचा व्यापार चहाचा. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात 1797 साली मनोरुग्णांच्या बेड्या काढणारे जाँ-बाप्तिस्त प्युसँ मूळचे चामडं कमावणारे, त्याच रुग्णालयात कधी काळी रुग्ण म्हणून आलेले. डॉक्टरकीची पदवी दोघांकडेही नव्हती, पण रुग्णांची ओळख होती.

(दृश्य: बैठकीचं टेबल)

1983 मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रॉय ग्रिफिथ्स यांच्या अहवालानं व्यावसायिक व्यवस्थापक आणले. ग्रिफिथ्स सुपरमार्केटच्या धंद्यातले. त्यांची तक्रार रास्त होती: जबाबदार नक्की कोण, हेच कळत नव्हतं. पण जबाबदारी टेबलाच्या या टोकाला आली आणि वॉर्ड दुसऱ्या टोकाला राहिला.

2011 मध्ये संशोधक अमांडा गुडॉल यांनी अमेरिकेतल्या नामांकित रुग्णालयांचा अभ्यास केला. डॉक्टर प्रमुख असलेल्या ठिकाणी गुणवत्तेचे गुण सुमारे 25 टक्के जास्त आढळले. कर्करोग, पचनसंस्था आणि हृदय, एवढ्याच विभागांचा तो अभ्यास. मनोविकार त्यात नव्हते, आणि डॉक्टरांमुळेच गुण वाढले असंही त्यातून सिद्ध होत नाही. तरी आमचा कौल डॉक्टरकडे आहे. कुठला खर्च कमी केला की कोणाच्या जिवावर बेतेल, हे केसपेपर वाचणाऱ्याला आधी कळतं. पण त्यानं राउंड सोडलेला नसावा. शेजारी बरोबरीच्या दर्जाचा प्रशासक हवा, जो पैसे नाहीत हे डॉक्टरला तोंडावर सांगू शकेल.

नजर ठेवणारी माणसं कमी झाली की जीव धोक्यात येतात.

म्हणून मागणी एवढीच आहे: खाटा किंवा सिस्टरच्या ड्यूट्या कमी करणाऱ्या प्रत्येक कागदावर संस्थाप्रमुख मनोविकारतज्ज्ञाची सही असावी, आणि सहीखाली त्या वॉर्डमध्ये शेवटचा राउंड कधी घेतला, ती तारीख.