दहापैकी तीन

नमस्कार. मला सांगितलंय की शिक्षक होण्याच्या ट्रेनिंगचा अनुभव सांग, पण आधी एक कबुली देऊन टाकते. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला 'माझं शिक्षणाचं तत्त्वज्ञान' असं दोन पानी लिहून द्यायचं होतं, आणि तोवर मी एकही पाठ घेतलेला नव्हता, तरी लिहिलं. मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, शिक्षक फक्त सुलभक, म्हणजे वाट सोपी करून देणारा, मुलं कशी शिकतात ते सांगणारे मानसशास्त्रज्ञ म्हणून पियाजे झाला, वायगॉट्स्की झाला, शेरा पण 'उत्तम' मिळाला. वर्गात उभी राहिले तेव्हा त्यातलं एक वाक्य आठवलं असेल तर शपथ.

मग वजाबाकीची चाचणी घेतली, दहा गणितं. एका मुलाचे सात चूक. मी लाल पेनने ३/१० लिहिलं, खाली 'सराव कर' लिहिलं आणि पुढची वही ओढली. ढीग होता हो समोर, कोण बघत बसतंय.

दोन दिवसांनी पाठाच्या फाइलला नमुना लावायचा म्हणून तीच वही परत उघडली. ५२ वजा २७, ह्याचं उत्तर ३५. ६३ वजा ४८, उत्तर २५. ७१ वजा ३६, उत्तर ४५. बघा, दिसतंय का काही? दोनातून सात जात नाहीत ना, मग ह्याने सातातून दोन घालवले. प्रत्येक ठिकाणी तेच, वरचा आकडा असो खालचा असो, मोठ्यातून लहान वजा. सातही चुकांमध्ये हीच एक चूक, आणि जी तीन बरोबर होती ती बिनहातच्याची होती, म्हणजे तिथे त्याचा हा नियम चालून गेला. मुलगा निष्काळजी अजिबात नव्हता, उलट इतका शिस्तीत चुकत होता की मलाच लाज वाटली. आणि मी त्याला सांगत होते सराव कर! कशाचा, त्याच चुकीचा?

त्याला जवळ बोलावून विचारलं, असं का केलंस रे? तर म्हणाला, "टीचर, तुम्हीच सांगितलं ना, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं." सांगितलं होतं मी. अगदी ह्याच शब्दांत, पहिल्या पाठाला, फळ्यावर लिहून. पूर्ण संख्येबद्दल बोलत होते मी, त्याने एकेका आकड्याला लावलं. मूल ज्ञान रचतं म्हणतात ते हे, आणि माझ्या दोन पानांत रचलेलं चुकीचंही असू शकतं हे कुठेच नव्हतं.

नंतर कळलं की ही चूक जुनी प्रसिद्ध आहे. ब्राउन आणि बर्टन ह्या दोन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुकांवर कामच केलंय, कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये जसा बग, म्हणजे दडलेली चूक, असतो तसं ते ह्याकडे बघतात. आणि मार्कांचं म्हणाल तर १९१२ मध्ये स्टार्च आणि एलियट ह्या संशोधकांनी एकच इंग्रजीचा पेपर शंभराहून जास्त शिक्षकांकडून तपासून घेतला होता, मार्कांत केवढी तफावत! तेव्हा कोणी म्हणालं, भाषेत चालायचंच, तर त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर घेतला, तिथेही तीच गत. माझ्या ३/१० मध्ये बेरीज बरोबर होती, तेवढंच काय ते समाधान.

संशोधक रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास मात्र जास्त लागला मला. काही मुलांना नुसते मार्क, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसता शेरा मिळालेली, आणि मार्क दिसले की शेऱ्याचा फायदा जवळपास गेलाच. आपण तर दोन्ही देतो आणि वर म्हणतो की मुलं शेरे वाचत नाहीत!

म्हणून पुढच्या चाचणीला मी त्याच्या वहीत आकडा लिहिलाच नाही. लिहिलं, 'ही पाच जमली. उरलेल्यांत एकक स्थानी वर कोण आहे ते बघ, कमी पडलं तर दशकाकडून घे.' त्याने वही घेतली, बाकावर बसून दोन गणितं खोडून परत केली, दोन्ही बरोबर, मी मनातल्या मनात खूश. मग उठून माझ्याकडे आला.

"टीचर, पण मार्क किती?"

रजिस्टरमध्ये रकाना होताच, संध्याकाळपर्यंत भरून द्यायचा होता. मी पेन्सिलने ५ लिहिलं.