ठिपकेवाला खलनायक : एका हास्यास्पद पात्राची कुळकथा

[दृश्य : जुन्या अंकाचे आतले पान, संथ गतीने वरून खाली.]

पडद्यावर दिसणारा हा इसम सुपरहिरो कॉमिक्समधील सर्वांत टाकाऊ पात्रांच्या बहुतेक याद्यांत हमखास सापडतो. त्याचे नाव पोल्का-डॉट मॅन. फेब्रुवारी १९६२ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये, म्हणजे त्या मासिकाच्या ३०० व्या अंकात, तो बॅटमॅनसमोर पहिल्यांदा उभा राहिला. अंगभर घट्ट पांढरा पोशाख, त्यावर लहानमोठे रंगीत ठिपके आणि कमरेला एक पट्टा, एवढाच त्याचा सरंजाम. यातला एखादा ठिपका अंगावरून काढून फेकला की त्याचे शस्त्र किंवा वाहन होते. एका ठिपक्याची गरगर फिरणारी करवत होते, तर दुसरा फुगून उडती तबकडी बनतो आणि ठिपक्यांचा मालक तिच्यावर स्वार होऊन पसार होतो. आपल्याकडे किती शस्त्रे उरली आहेत हे शत्रूला लांबूनच मोजता येईल असा पोशाख घालणारा हा कदाचित एकमेव गुन्हेगार असावा.

[दृश्य : भिंगाखाली त्याच पानाचा एक कोपरा.]

आता हेच पान भिंगाखाली पाहू. खलनायकाचा पोशाख पांढरा आहे असे आपण म्हणतो, परंतु त्या जागी पांढरी शाई मुळात छापलेलीच नाही. तो कोरा वर्तमानपत्री कागद आहे आणि साठ वर्षांत तो पिवळसर तपकिरी पडल्यामुळे पोल्का-डॉट मॅन आज चहात बुडवून काढल्यासारखा दिसतो. त्या काळी निळा, किरमिजी आणि पिवळा हे तीन रंग आणि काळी रेषा यांवर सारे कॉमिक्स छापले जात असे. रंगकार छोट्या आकारातील प्रतीवर पाण्याच्या रंगांनी नमुना रंगवून प्रत्येक जागेसाठी सांकेतिक अक्षरे व आकडे लिहून देई. त्यानंतर कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथील कारखान्यात, प्रामुख्याने स्त्री कामगारांच्या हातून, प्रत्येक रंगाची वेगळी पाटी तयार केली जाई. रंग भरगच्च हवा असेल तर तो सलग छापत आणि फिका हवा असेल तर त्याच रंगाचे बारीक ठिपके विरळ पसरवत. म्हणूनच भिंगातून पाहिले तर खलनायकाच्या छातीवरचा लाल ठिपका अखंड लाल दिसतो, आणि बॅटमॅनची हनुवटी मात्र किरमिजी व पिवळ्या टिंबांनी भरलेली आढळते. या पानावर खरा ठिपक्यांचा माणूस कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

[दृश्य : शीर्षकाच्या चौकटीतील स्वाक्षरी.]

कथेच्या पहिल्या पानावर स्वाक्षरी आहे ती बॉब केन यांची, म्हणजे बॅटमॅनचे निर्माते म्हणून ज्यांचे एकट्याचेच नाव त्या काळी लागत असे त्यांची. ही कथा केन यांनी लिहिलेली नाही आणि चित्रेही त्यांची नाहीत. कथा बिल फिंगर यांची होती. चित्रे शेल्डन मोल्डॉफ यांनी काढली होती. हे मोल्डॉफ १९५३ पासून पुढे सुमारे चौदा वर्षे केन यांच्या नावाखाली पडद्याआडून बॅटमॅन रेखाटत होते. फिंगर तर १९३९ पासून, म्हणजे बॅटमॅनच्या जन्मापासूनच, या कामात होते. बॅटमॅनचा टोकदार कानांचा मुखवटा, खांद्यावरचा लांब झगा, ब्रूस वेन हे नाव आणि गॉथम हे शहर यांमागे त्यांची कल्पकता होती, हे आज सर्वमान्य आहे.

फिंगर यांच्या कामाची रीत थोडी समजून घेण्यासारखी आहे. ते जवळ एक वही बाळगत आणि तिच्यात विलक्षण यंत्रे, चमत्कारिक व्यवसाय, विज्ञानातील गमती, कुठेतरी वाचलेली एखादी युक्ती असे जे जे हाती लागेल ते टिपून ठेवत. नियतकालिकांतील छायाचित्रे कापून ती ते पटकथेसोबत चित्रकाराला देत. राक्षसी आकाराच्या टाइपरायटरवर किंवा भल्यामोठ्या नाण्यावर चाललेल्या बॅटमॅनच्या मारामाऱ्या ज्यांना आठवतात, त्यांना या वहीची फळे ठाऊक आहेत. ते वेळेवर पटकथा देत नसत, अशी त्यांच्याबद्दल तक्रार होती आणि ती खरीही होती. मोबदला मात्र पानांच्या हिशेबाने मिळे, आणि अंक ठरल्या दिवशी विक्रेत्याकडे पोचावाच लागे. दर महिन्याला नवा खलनायक हवा असल्यावर वहीतली कोणतीच नोंद वाया जात नाही, मग ती ठिपक्यांविषयीची का असेना.

[दृश्य : १९४८ मधील कॉमिक्सच्या होळीची छायाचित्रे, १९५४ च्या सुनावणीची दृश्ये.]

परंतु चोराने साधे पिस्तूल घेऊन बँक का लुटू नये? याचे उत्तर या छायाचित्रांत आहे. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे शाळकरी मुलांनी गोळा केलेले कॉमिक्स आगीत टाकले गेले. १९५४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांचे पुस्तक आले आणि बालगुन्हेगारीचे खापर कॉमिक्सवर फोडले गेले. त्याच वर्षी २१ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीसमोर भयकथांचे कॉमिक्स काढणारे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. सिनेटर केफॉवर यांनी कुऱ्हाड आणि स्त्रीचे कापलेले मुंडके दाखवणारे एक मुखपृष्ठ उंचावून, हे अभिरुचीला धरून आहे काय, असा प्रश्न केला, आणि भयकथेच्या मुखपृष्ठाच्या मानाने आहे, असे उत्तर गेन्स यांनी दिले. त्या उत्तराने जे व्हायचे ते झाले. सरकारने कायदा करण्याआधी प्रकाशकांनीच १९५४ च्या शरद ऋतूत स्वतःवर नियमावली लादून घेतली, आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात टपाल तिकिटासारखा तिचा शिक्का झळकू लागला.

[दृश्य : शिक्का, अगदी जवळून.]

ही नियमावली आज वाचताना एखाद्या कडक वसतिगृहाचे फलक वाचल्यासारखे वाटते. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती निर्माण होता कामा नये. प्रत्येक कथेत सज्जनांचाच विजय झाला पाहिजे. गुन्हा नेमका कोणत्या पद्धतीने केला याचे बारकावे उघड करून दाखवू नयेत. शस्त्र लपवण्याच्या नव्या किंवा चमत्कारिक युक्त्या दाखवू नयेत. शेवटच्या दोन नियमांकडे पाहिले की पोल्का-डॉट मॅनचे कोडे बरेचसे उलगडते. कोणत्याही मुलाला घरी करून पाहता येणार नाही असाच गुन्हा लिहायचा झाल्यास लेखकाने ठिपक्याची तबकडी करावी, हे पूर्णपणे तर्कशुद्ध आहे. वास्तविक तो पोशाख म्हणजे शस्त्रे लपवण्याची सर्वांत चमत्कारिक युक्तीच होती. तरीही शिक्का मिळाला, कारण तिचे अनुकरण करणे कोणालाही शक्य नव्हते. आमच्या मते हा मूर्खपणा नाही. निष्णात लेखकाने कुंपणातून शोधलेली ही वाट आहे.

त्याच वाटेवर फिंगर यांची इतर मंडळी भेटतात. ऑगस्ट १९६० च्या 'बॅटमॅन' १३३ मधील काइट मॅन अवाढव्य पतंगाला लटकून शहरावरून उडतो, आणि ती पाने रेखाटणारे डिक स्प्रँग हे इतके कसलेले चित्रकार होते की क्षणभर तेही पटून जाते. त्याआधी, सप्टेंबर १९५८ मध्ये, ऋतूंनुसार गुन्हे करणारा आणि प्रत्येक ऋतूला पोशाख बदलणारा कॅलेंडर मॅन आला होता. चार ऋतूंचे चार गुन्हे आटोपल्यावर पाचवा ऋतू कोणता, या प्रश्नावर बॅटमॅन अडतो, आणि शेवटी भारतातील पावसाळ्याची आठवण होऊन तो 'महाराजा' नावाने रंगमंचावर खेळ करणाऱ्या जादूगारापर्यंत पोचतो. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे पाठ केलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही पोराने हा तपास पहिल्याच पानावर संपवला असता.

[दृश्य : 'ॲडव्हेंचर कॉमिक्स' ३०३, डिसेंबर १९६२.]

हे पान आणखी एका कारणासाठी दाखवणे आवश्यक आहे. लोखंड, दगड, यंत्रे असे वाटेल ते खाऊन पचवणारा हा तरुण म्हणजे मॅटर-ईटर लॅड. तो बिस्मॉल नावाच्या ग्रहाचा रहिवासी आहे. तेथील नेहमीचे अन्न सूक्ष्म जिवांमुळे विषारी झाल्यावर लोकांनी काहीही पचवण्याची शक्ती कमावली, अशी त्याची पूर्वकथा आहे. त्याची शक्ती ऐकून हसू येते, परंतु लेखकाचे नाव ऐकल्यावर ते तितकेसे टिकत नाही. हे पात्र जेरी सीगल यांनी लिहिले. याच सीगल यांनी जो शुस्टर यांच्यासह सुपरमॅन निर्माण केला होता आणि १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले होते. हक्कांसाठी न्यायालयात झगडून झाल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते त्याच प्रकाशनसंस्थेसाठी, म्हणजे बॅटमॅनचेही अंक काढणाऱ्या डीसीसाठी, मजुरीवर लिहीत होते.

मार्व्हल या प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेकडेही नमुने कमी नव्हते. जानेवारी १९६३ मध्ये जॅक कर्बी यांनी रेखाटलेला पेस्ट-पॉट पीट खळीचे भांडे आणि खळ फेकणारी बंदूक घेऊन आला. पुढे १९६५ मध्ये त्याने ट्रॅपस्टर असे भारदस्त नाव घेतले. तरी जुने नाव काही त्याची पाठ सोडेना. याउलट १९८९ मधील आर्म-फॉल-ऑफ-बॉय, जो स्वतःचा हात उपटून त्याचाच सोटा करतो, तो वाचकाला हसवण्यासाठीच ठरवून रचलेला होता. अशा पात्रांत आम्हाला फारसे स्वारस्य नाही. नियमावली, मुदत आणि पानांचा हिशेब सांभाळत गंभीर चेहऱ्याने निर्माण झालेल्या विचित्रपणाची सर त्यांना येत नाही.

[दृश्य : १९६४ नंतरचे अंक, झपाट्याने एकापाठोपाठ.]

१९६४ मध्ये बॅटमॅनचे संपादन ज्युलियस श्वार्ट्झ यांच्याकडे गेले आणि मालिकेचे रूप पालटले. पोल्का-डॉट मॅन तीसेक वर्षे कुठे दिसला नाही. २०२१ मध्ये जेम्स गन यांच्या 'द सुइसाइड स्क्वॉड' या चित्रपटात डेव्हिड डॅस्टमाल्चियन यांनी त्याची भूमिका केली. फिंगर यांचे १९७४ मध्ये निधन झाले, आणि बॅटमॅनच्या निर्मितीचे अधिकृत श्रेय त्यांच्या नावे २०१५ मध्ये लागले.

[दृश्य : दूरचित्रवाणी मालिकेची श्रेयनामावली.]

हयातीत बॅटमॅनच्या पडद्यावरील कथेला त्यांचे नाव लागले, ते एका दोन भागांच्या कथेला. ऑक्टोबर १९६६ मध्ये प्रसारित झालेली ही कथा त्यांनी चार्ल्स सिंक्लेअर यांच्यासह लिहिली होती, आणि तिचा खलनायक होता घड्याळांच्या साहाय्याने चोऱ्या करणारा क्लॉक किंग.