भाऊ संपावर

मंडळी, आमच्या आजोबांना घरीदारी सगळे भाऊच म्हणायचे. सावंतवाडीकडून बोटीनं मुंबईला आले, उतरले भाऊच्या धक्क्यावर. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "मी माझ्याच धक्क्यार उतारलंय!" नातवंडांनी ते शंभरदा ऐकलं असेल, पण सांगताना ते स्वतःच इतके खूश व्हायचे की आम्ही दर वेळी हसायचो.

लालबागच्या चाळीत एका खोलीत गाववाले पंधरा-सोळा जण. गिरणीच्या तीन पाळ्या, त्यामुळे झोपायच्याही तीन पाळ्या. "आमचा हातरूण कधी थंड पडूक नाय. एक उठता, दुसरो निजता," म्हणायचे. त्या खोलीचे हाल आम्हाला आजीकडून कळले. भाऊंकडून फक्त गमती.

ते साचाखात्यात, म्हणजे गिरणीच्या कापड विणायच्या खात्यात होते. शेकडो साचे एकदम चालू, धोट्यांचा खडखडाट असा की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. कामगार हातवारे करून, ओठ वाचून बोलायचे. भाऊंचे कान त्या खात्यानं नेले, पण ओठ वाचायची कला शेवटपर्यंत राहिली. आजी मोरीत भांडी घासताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायची आणि खाटेवर बसलेले भाऊ मोठ्यानं हसायचे. "गो, माका ऐकाक कमी येता, दिसता सगळा!" मग आजीलाही हसू आवरायचं नाही. त्या घरात रुसवा टिकायचाच नाही. आम्ही पोरं चोरून काही ठरवायला लागलो की आधी त्यांच्याकडे पाठ करायचो.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या घरातली पितळेची हांडी गेली, मग आजीच्या पाटल्या गेल्या. भाऊ पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला केळी विकायला बसले. एक दिवस त्यांचा जुना जोडीदार समोरून मान खाली घालून निघाला. त्याची चूल दोन दिवस पेटली नव्हती, हे भाऊंना ठाऊक होतं. त्यांनी हाक मारली, "एकाच हातरुणार निजलंव ना रे? मगे एका पाटयेर बसाक लाज कसली?" तो बसला. पुढे दोन वर्षं दोघं एकाच पाटीवर बसले आणि गल्ला निम्मा-निम्मा वाटून घेतला. आमच्याच घरात पुरत नव्हतं, पण आजीनं त्याबद्दल कधी तोंडातल्या तोंडातही तक्रार केली नाही. केली असती, तर भाऊंना दिसली असती.

त्यांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही, आणि भाऊंनी ते बरोबर धरून ठेवलं. आजीनं नारळ सोलायला सांगितला की हात वर. "संप मागे घेतल्यानी खंय? मी अजून संपार आसंय!" मग नारळ सोलून द्यायचे.

शेवटच्या आजारात इस्पितळात काका टेबलापाशी त्यांचा कागद भरत होते. भाऊ लांब, खाटेवर. बाईंनी व्यवसाय विचारला. काका म्हणाले, "निवृत्त."

खाटेवरून भाऊंनी हात हलवला. काकांनी वळून पाहिलं. आवाज फुटत नव्हता, म्हणून भाऊंनी नुसते ओठ हलवले, सावकाश, काकांना वाचता येतील असे.

"संपार."