काठीच्या टोकाशी काय चाललंय?

नमस्कार मंडळी. डॅलस परिसरातल्या आणि फोनवरून दूरदूर ऐकणाऱ्या सगळ्या श्रोत्यांना नमस्कार. मार्च लागला. तळ्याचं पाणी 55-60 अंश फॅरनहाइटवर आलं की बास मासे काठाकडे सरकतात आणि आपली मंडळी दुकानाकडे. मग माझा फोन वाजायला लागतो. ‘क्लबाच्या मासे पकडायच्या स्पर्धेत नाव घातलंय, रॉड कुठला घेऊ? सेन्सिटिव्ह पाहिजे, पण घरी सांगता येईल अशा किमतीत.’

आज त्याच्यावरच बोलू. कुणाची गाडी ऑफिसच्या दारात पोचली असेल तर उत्तर आधीच देऊन टाकतो. तळाशी फिरवायच्या आमिषासाठी एकच रॉड चांगला घ्या, शंभर ते दीडशे डॉलरचा. बाकीचे साधे चालतात. पुन्हा सांगतो: तळासाठी एक चांगला, बाकीचे साधे.

आता का, ते ऐका. बासच्या स्पर्धांचं आजचं रूप 1967 सालातलं. रे स्कॉट नावाच्या अलाबामातल्या विमा एजंटाने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर 106 जणांकडून शंभर-शंभर डॉलर घेऊन पहिली मोठी स्पर्धा भरवली. विमा एजंटच तो, माणसं पटवणं त्याला काय जड! पुढे 1972 पासून मासे जिवंत आणायचे, तोलायचे आणि परत सोडायचे, ही रीतही त्यानेच रुजवली. आज बहुतेक स्पर्धांत पाच माशांचं वजन धरतात. पाचच मासे. म्हणजे दिवसभरातला एकेक चावा मोलाचा, आणि तो हाताला कळलाच नाही तर सगळंच मुसळ केरात.

आणि बासचा चावा कळणं सोपं नाही. तो आमिषाला झोंबतोच असं नाही. तोंड उघडतो, गाल फुगवतो, पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. शंका आली की थुंकून मोकळा. एवढ्या वेळात तुमच्या हाताला निरोप पोचला पाहिजे. तो येतो तंगुशीतून, म्हणजे गळाच्या दोरीतून, मग रॉडच्या टोकातून, मग मुठीतून. टोक जड असेल तर निरोप तिथेच मरतो. म्हणून सेन्सिटिव्ह रॉड म्हणजे आधी हलक्या टोकाचा रॉड. हे लक्षात ठेवा: हलकं टोक.

टोक हलकं होतं कार्बनमुळे. कार्बनचा धागा जितका ताठ, तितका तो कमी लागतो आणि रॉड हलका होतो. पण भिंत पातळ झाली की तो ठिसूळही होतो. शिशाचा गोळा एकदा टणकन आपटला, बारीकशी खोच पडली, की पुढच्या मोठ्या माशाला तिथेच कट्‌. दुकानात रॉडवर आयएम-6, आयएम-7, आयएम-8 असं लिहिलेलं असतं. ही मुळात एका कार्बन कंपनीची व्यापारी नावं. सगळ्या रॉडवाल्यांनी मान्य केलेलं ते मोजमाप नव्हे. म्हणून एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या सातापेक्षा वरचढ, असा हिशेब करत बसू नका. आकडा मोठा म्हणजे माल चांगला असं असतं, तर मंडळाच्या कार्यकारिणीत अकराच्या जागी एकवीस माणसं घेतल्यावर कामं झाली असती. असो.

आणखी एक बोलतो, विषय सोडून. 2018 पासून ते समोरचं, पाण्याखालचं थेट पडद्यावर दाखवणारे सोनार आले. आता होडीच्या नाकावर माणसं तीन-तीन पडदे लावून, मान खाली घालून उभी. मासा पडद्यावर, आमिष पडद्यावर. आठवडाभर ऑफिसात पडदाच बघतो ना आपण? शनिवारीही तेच करायचं, तेही हजारो डॉलर मोजून? कुणाला राग आला तर येऊ दे. बोटांनी मासा ओळखायचा तो खेळ मला प्यारा, आणि त्याचीच एक गोष्ट मला सांगायचीय. आधी कुठे तरी माझ्या तोंडून ऐकली असेल, तरी ऐका.

माझा एक मित्र डॅलसजवळ प्लेनोत राहतो. मूळ मालवणचा. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. ड्यूटी संपली की खाडीवर गरवायला जायचे. रॉड नाही, रीळ नाही. बाटलीला गुंडाळलेली तंगूस, टोकाला गरी, गरीला कोळंबीचा तुकडा, आणि तंगूस आडवी पहिल्या बोटावर. तांबोशी लागली की शेंगटी, हे मासा वर यायच्या आत सांगणार. तर हे अण्णा सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले. पहिल्याच सकाळी गॅरेजमध्ये गेले आणि भिंतीवर टांगलेले रॉड मोजून आले. अकरा. मुलाला म्हणाले, ‘एवढे मासे आसत काय हयसर?’

मग किमती विचारल्या. मुलाने एका रॉडची किंमत चारशे डॉलर सांगितली. अण्णांनी मनात रुपये केले आणि चहाचा कप खाली ठेवला. बापलेकांत चर्चा झडली. मुलगा म्हणे, बाबा, यात तळाचा खडा न् खडा कळतो. अण्णा म्हणे, दाखव.

रविवार होता. मीही तिथेच होतो, पोहे खात. मित्राने तीन रॉड काढले. एक मोठ्या दुकानातला रिळासकट चाळीस डॉलरचा, एक एकशे तीसचा आणि एक तो चारशेचा. तिघांनाही 15 पौंडी फ्लुरोकार्बनची तंगूस, तिघांच्याही टोकाला अर्ध्या औंसाचं जिग, म्हणजे जड डोक्याचा गळ. अण्णांना गॅरेजमध्ये खुर्चीवर बसवलं, पाठ रस्त्याकडे. डोळ्यांवर सुनेची ओढणी. नातवाने जिग उचलून पार फुटपाथपर्यंत नेऊन ठेवलं आणि अण्णांनी ते सावकाश ओढायचं, कशावरून सरकतंय ते सांगायचं. वाटेत काँक्रीट, मग बागेतली खडी, मग हिरवळ, मग पाण्याचा रबरी पाइप.

पहिला चाळीसचा. अण्णा ओढतायत, ओढतायत. काँक्रीट म्हणाले, ते बरोबर. खडीवर आले, गप्प. हिरवळीवर आले, म्हणाले खडी. रजईवरून नाडी बघितल्यासारखं चाललं होतं. शेवटी रॉड नातवाच्या हातात देऊन म्हणाले, ‘ही काठी बोलना नाय.’

मग एकशे तीसचा. अण्णांची मान कलली. ‘सिमिट… खडी… ह्यां गवत…’ आणि पाइपापाशी थांबले. पुढे-मागे केलं. ‘गोल काय तरी आसा. मऊ.’ नातू टाळ्या पिटायला लागला. मग चारशेचा. सगळं पुन्हा बरोबर. मुलगा आशेने बघतोय. अण्णांनी ओढणी काढली, दोन्ही रॉड दोन हातांत घेऊन तोलले आणि म्हणाले, ‘माका दोघांत काय फरक दिसना नाय.’ थोडं थांबून, मुलाचा चेहरा बघून, ‘ही जरा हलकी आसा’ एवढी सवलत दिली.

आता खरं सांगायचं तर चारशेचा रॉड हलका असतोच, आणि दिवसभर जिग ओढणाऱ्या व्यावसायिकाच्या मनगटाला तो हलकेपणा संध्याकाळी कळतो. पण चाळीस ते एकशे तीस ही उडी डोंगराएवढी, आणि एकशे तीस ते चारशे ही उंबऱ्याएवढी. ते त्या दिवशी ओढणी बांधलेल्या माणसाने दाखवलं.

गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या शनिवारी आम्ही लेक फोर्कला गेलो. प्लेनोहून दीडेक तास. अण्णांचं एका दिवसाचं लायसन्स काढलं. पाहुण्यांना लायसन्स लागतं बरं का, विसरू नका. लेक फोर्क म्हणजे मोठ्या बासची पंढरी. टेक्ससचा राज्यविक्रमी बास, 18.18 पौंडांचा, 1992 साली तिथेच लागला. पाण्यात वठलेली झाडं उभीच्या उभी आहेत. अण्णांनी एकशे तीसचाच रॉड मागून घेतला. पण धरला कसा? डाव्या हाताने रॉड आणि रीळ, आणि तंगूस रिळाच्या पुढे उजव्या पहिल्या बोटावर आडवी. कुणी शिकवलं नव्हतं. इथले मोठमोठे स्पर्धकही जिग फिरवताना बोट तंगुशीवर ठेवतात.

अर्धा तास काही नाही. अण्णा आपले तळाचं वर्णन करतायत, ‘चिखल… फांदी… फांदीवरसून उतारला…’ आणि एकदम म्हणाले, ‘वजन खंय गेला रे?’

माझ्या हातून सँडविच पडलं. मुलगा ओरडला, ‘बाबा, ओढा! ओढा!’ मंडळी, हाच तो चावा. हिसका नाही, ठोका नाही. जिग खाली जात होतं आणि मधेच त्याचं वजन नाहीसं झालं, कारण बासने ते तोंडात घेऊन होडीकडे पोहायला सुरुवात केली होती. पुन्हा सांगतो, कारण यावर स्पर्धा जिंकतात: वजन वाढलं तर मासा, आणि वजन गेलं तरी मासा. अण्णांनी रीळ भराभर फिरवून सैल तंगूस गोळा केली आणि कंडक्टर घंटीची दोरी ओढतो तसा झटका दिला. रॉड वाकला, बासने एकदा उडी मारली, लाल कल्ले दिसले, आणि पाच मिनिटांत मासा होडीत. पट्टीवर 21 इंच. वजन सहा पौंडांच्या वर.

अण्णांनी मासा दोन्ही हातांत धरला, उलटापालटा बघितला, कल्ल्यात बोट घातलं आणि विचारलं, ‘सुरी खंय?’

आता त्यांना कोण सांगणार? लेक फोर्कला नियम असा की 16 ते 24 इंचांमधला बास ठेवायचा नाही, पाण्यात परत. मुलाने समजावलं, फोटो काढला आणि मासा हलकेच सोडून दिला. अण्णा दोन मिनिटं पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘सोडलंस? खुळावलंस काय रे?’ परतीच्या दीड तासात एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी सुनेने दुकानातून कॅटफिश आणून तिखलं केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

असो. वेळ थोडा उरलाय, भराभर सांगतो.

तळाचा रॉड, म्हणजे जिगचा आणि टेक्सस रिगचा (रबरी आमिषात गळाचं टोक लपवतात तो), सात फूट ते सात फूट तीन इंच. पॉवर, म्हणजे ताकद, मीडियम हेवी; ॲक्शन फास्ट. म्हणजे वाकेल ते टोकाकडे, खालचा भाग ताठ. डॉबिन्स फ्युरी, सेंट क्रॉय मोजो बास, फाल्कन बुकू, असले साधारण या किमतीच्या आसपासचे. किंमत दुकानागणिक थोडी वरखाली. मॉडेलचं नाव बदललं की जुना माल सवलतीत निघतो, त्यावर नजर ठेवा.

क्रँकबेटला, म्हणजे ओढलं की डुलत पोहणाऱ्या माशाच्या आकाराच्या आमिषाला, मात्र फायबरग्लासचा मवाळ रॉड घ्या, स्वस्तातला. त्याचे तिहेरी गळ माशाच्या ओठाला जेमतेम अडकलेले असतात, ताठ रॉडने फाटून निघतात. तिथे सेन्सिटिव्हपणाला पैसे घालू नका. पाण्यावर फिरवायच्या रबरी बेडकालाही घालू नका, तिथे चावा डोळ्यांना दिसतो.

दुकानात जाताना आपलं रीळ बरोबर न्या. रॉडवर बसवा आणि रिळाच्या किंचित पुढे एका बोटावर तोला. टोक धपकन खाली गेलं तर ठेवून द्या. दुसरं, बरोबरच्या माणसाच्या गळ्याला टोक हलकेच टेकवा आणि त्याला बोलायला सांगा. मुठीत त्याचा आवाज किती थरथरतो बघा. लोक हसतील, हसू देत. तिसरं, कान साफ करायची कापसाची काडी खिशात ठेवा आणि तंगूस ओवायच्या प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कापसाचा धागा अडकला तर कडी तडकलेली आहे, ती तुमची तंगूस कापणार. जुना रॉड घेताना हे नक्की करा. आणि छताला टोक टेकवून रॉड वाकवून बघू नका. मोडलात तर तुम्हीच घेतलात.

तंगूस विसरू नका. दीडशेच्या रॉडला जुनी, ताणणारी नायलॉनची तंगूस लावलीत तर पैसे पाण्यात. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा जड, बुडतं, थोडं सैल असतानाही निरोप पोचवतं. ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या धाग्याचं, ताणत नाही, पण ते तरंगतं आणि सैल पडलं की मुकं.

शेवटी एका श्रोत्या ताईंचा प्रश्न. सात फुटी एकसंध रॉड त्यांच्या सिडान गाडीत मावेल का? मावतो ताई. मूठ पुढच्या सीटच्या पायाशी, टोक मागच्या काचेच्या कोपऱ्याकडे, तिरका. मागे मुलं बसणार असतील तर दोन तुकड्यांचा घ्या, थोडा जड पडतो पण टिकेल. पुढच्या आठवड्यात रिळाच्या दातांचा हिशेब, सहाला एक घ्यावं की आठाला एक. नमस्कार.