चाक टिकतं दाबावर

[दृश्य: भर दुपार, रस्त्याकडेचं टायरचं दुकान. लाल हॅचबॅक जॅकवर. गनचा आवाज आधी, चित्र नंतर.]

पुणे रोड, हैदराबाद रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड. सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, टायरचं दुकान दिसायच्या आधी गन, म्हणजे चाकाचे नट सोडवायचं-आवळायचं हवेवरचं यंत्र, ऐकू येते. खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र. चार नट बसले, जॅक खाली आला, गिऱ्हाईक तुळजापूरच्या वाटेला लागलं.

पडद्यावरचं हे चाक बसायला नऊ सेकंद लागले. हात सराईत आहे, त्यात शंका नाही. पण नऊ सेकंदांत जे झालं नाही ते आता सावकाश बघू.

[दृश्य: टेबलावर तुटलेला स्टड, अगदी जवळून.]

हा तुटलेला स्टड, म्हणजे ज्यावर चाकाचा नट बसतो तो आट्यांचा दांडा. तुटलेल्या तोंडाकडे बघा. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत आहे आणि त्यावर एकाआड एक बारीक कमानी दिसतात. उरलेला भाग खरबरीत. गुळगुळीत भाग म्हणजे चाकाच्या फेऱ्यागणिक थोडी थोडी वाढत गेलेली भेग. खरबरीत भाग मात्र शेवटी एका झटक्यात तुटला. म्हणजे खड्ड्याला दोष देऊन भागणार नाही, हा स्टड किती तरी आधीपासून तुटत होता. आणि असा स्टड बहुतेक वेळा तुटतो तो नट सैल राहिल्यामुळे.

चाक स्टडवर टांगलेलं असतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. दोन तळहातांत वही दाबून धरली की ती घसरत नाही, तसं चाक हबच्या, म्हणजे ज्या फिरत्या भागावर चाक बसतं त्याच्या, सपाट तोंडावर दाबून धरलेलं असतं. स्टड ताणला जातो, नट चाकाला हबवर दाबतो आणि गाडीचं वजन, ब्रेक, वळण हा सगळा भार त्या दोन सपाट तोंडांमधलं घर्षण पेलतं. १२ मिलिमीटरच्या एका स्टडवर १०० न्यूटन मीटर टॉर्क (नट फिरवायचा जोर, न्यूटन मीटर हे त्याचं माप) दिला की साधारण ४ टनांचा दाब तयार होतो. चार नटांचा मिळून १६ टन. हा दाब कमी पडला की चाक हबवर किंचित सरकायला लागतं, स्टड दर फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो. तार वाकवून वाकवून तोडतात, तेच हे.

[दृश्य: चाक काढलेलं. हबचं तोंड, गंज, सुकलेला काळा चिखल.]

आता हबचं तोंड. चाक निघालं की मिस्त्रीची नजर टायरकडे जाते, इकडे कोणी बघत नाही. मधल्या गोलाभोवती तांबूस पापुद्रे आहेत. खालच्या बाजूला काळ्या रानातला चिखल सुकून बसलाय, तो वाळला की खड्यासारखा टणक होतो. यावर तसंच चाक चढवलं तर नट घट्ट लागल्यासारखे वाटतात, पण दाब पापुद्र्यांवर आणि मातीवर पडतो. शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये पापुद्रे चुरतात, मातीची भुकटी होते, मधली जाडी कमी होते आणि स्टडचा ताण उतरतो. नट जागचा हललेला नसतो, तरी पकड सुटलेली असते.

[दृश्य: तारेचा ब्रश, हबवर. नंतर रिमच्या मागच्या बाजूवर.]

तारेचा ब्रश. हबच्या तोंडावर अर्धा मिनिट, रिमच्या मागच्या बाजूवर अर्धा मिनिट, मग कोरडं फडकं. हबच्या मधल्या उंचवट्याला हवं तर ग्रीसचा अगदी पातळ हात, पुढच्या वेळी चाक चिकटू नये म्हणून. सपाट तोंडाला आणि स्टडला ग्रीस अजिबात नाही.

स्टडला तेल का नको, यावर दुकानात नेहमी वाद होतो. नटाला दिलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, आणखी ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांत जातो. स्टड ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. कंपनीने दिलेला टॉर्कचा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि तेवढ्याच टॉर्कला स्टडवरचा ताण पुष्कळ वाढतो. गंजलेल्या आट्यांत याच्या उलट होतं: टॉर्क पाना ठरलेल्या आकड्याला क्लिक करतो, हात दुखतात, पण दाब तयार झालेला नसतो.

[दृश्य: हाताने नट फिरवणारी बोटं. वेळ घ्या, हा शॉट कापू नका.]

नट आधी हाताने लावायचा. बोटांनी सहज सात-आठ फेरे फिरला पाहिजे. दुसऱ्याच फेऱ्याला अडला तर नट तिरका बसलाय किंवा आटे खराब आहेत. तिथे थांबून नट काढायचा. गनला ही अडचण जाणवतच नाही, ती तिरका नटसुद्धा आत घालते आणि आटे खाऊन टाकते. पुढच्या वेळी तो नट निघताना स्टड सोबत घेऊन येतो. स्टड बदलायचा म्हणजे काही गाड्यांत हबच उतरवावा लागतो, आणि ते बिल नट तिरका घालणाऱ्याच्या नव्हे, नंतरच्या दुकानात फाडलं जातं.

[दृश्य: तीन नट ओळीने. शंकूसारखं बूड, गोल बूड, सपाट वॉशर.]

हे तीन नट शेजारी शेजारी. पहिल्याचं बूड शंकूसारखं निमुळतं. मारुती, ह्युंदाईत हाच असतो. दुसऱ्याचं बूड गोलसर, होंडाच्या गाड्यांना. तिसऱ्याला सपाट वॉशर, टोयोटाच्या काही अलॉय चाकांना. आता होंडाच्या गाडीला बाहेरून अलॉय घातले की काय होतं ते बघा. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुतेक वेळा शंकूच्या नटासाठी कापलेलं असतं. त्यात कंपनीचा गोल नट घातला की तो पूर्ण बसत नाही, एका बारीक कड्यावर टेकतो. निळा रंग लावून दाबलेला हा ठसा आहे, केसाएवढी रेघ. चार टन दाब या रेघेवर! अॅल्युमिनियम तिथे चेपतं आणि नट सैल होतो. अलॉय विकणाऱ्याने नट सोबत द्यायला हवेत. मागितल्याशिवाय ते मिळतीलच असं नाही.

[दृश्य: अलॉयच्या मधल्या भोकात प्लास्टिकचं कडं बसवताना.]

बाहेरच्या अलॉयची दुसरी खोड म्हणजे मधलं भोक. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांचा हब ५४.१ मिलिमीटरचा. अलॉय सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून भोक ७३.१ चं ठेवतात. १९ मिलिमीटरची ही मोकळीक भरायला हे कडं असतं. ते नसेल आणि गनने पहिलाच नट पूर्ण आवळला, तर चाक मध्याच्या एका बाजूला सरकून तिथेच अडकतं. मग ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. गिऱ्हाईक परत येतं, चाक बॅलन्सिंग मशीनवर चढतं, मशीन शून्य दाखवतं, म्हणजे वजनात फरक नाही. कारण मशीन चाकाला स्वतःच्या कोनवर मध्यात धरतं, गाडी धरत नाही. मग अलाइनमेंट सुचवलं जातं. अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढणं थांबतं, टायर एका कडेने झिजणं थांबतं. थरथर जात नाही, पैसे तेवढे जातात.

खरंच बॅलन्सिंग बिघडलं असेल तर त्याचाही जोर कमी नसतो. १५ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असला, तर ताशी १०० च्या वेगाला तो सेकंदाला चौदा वेळा साडेचार किलोच्या जोराने चाकाला ओढतो.

[दृश्य: कंप्रेसर, हवेच्या दाबाचा काटा. मागे उसाच्या ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा भरणं चालू.]

आता गन. अर्ध्या इंची हवेची गन ४००-५०० न्यूटन मीटर सहज मारते. पण किती मारते हे तिच्या हातात नाही, या काट्याच्या हातात आहे. मागे ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा जातेय, टाकी उतरलीय, काटा खाली आलाय. आत्ता बसवलेला नट सैल राहील. पाच मिनिटांनी टाकी भरली की तीच गन, तोच हात, तेवढाच वेळ, आणि नट दुप्पट आवळला जाईल. नळी किती लांब, गनला तेल कधी घातलं, यानेही फरक पडतो. "मालक, एकदम टाइट हाय, काय टेन्शन घेऊ नका" हे वाक्य खोटं नसतं. मोजलेलं नसतं, एवढंच.

गन सोडवायला वापरा, बिनधास्त वापरा. बसवताना नट टेकेपर्यंतही चालेल, हलक्या हाताने. शेवटचा घास मात्र पान्याचा.

आणि तो पानाही साधा नको. व्हीलपान्यावर उभं राहून नट आवळणारे इथे रोज दिसतात. ६० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला की झाले १७५ न्यूटन मीटर. स्टड मर्यादेपलीकडे ताणला जाऊ शकतो. एकदा तसा लांबला की तो परत आखडत नाही. वरून चारही नट वेगवेगळे आवळले गेले तर ब्रेकची डिस्क किंचित वाकडी बसते. किंचित म्हणजे किती? डिस्कच्या डुलण्याची मर्यादा बऱ्याच गाड्यांत मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग असते. महिनाभराने ब्रेकचं पेडल पायाखाली धडधडायला लागतं, आणि दोष ब्रेकपॅडवर जातो.

[दृश्य: टॉर्क पाना, दांड्यावरचा आकडा फिरवताना.]

हा टॉर्क पाना. मूठ फिरवून आकडा लावायचा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो: मारुतीच्या जुन्या गाड्यांत ८५, नव्या स्विफ्टसारख्यांत १००, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३. फोक्सवॅगन पोलोला १२०, आणि तिथे नट नसून बोल्ट असतात. जुने मिस्त्री किलोत बोलतात. त्यांच्यासाठी १०० न्यूटन मीटर म्हणजे सव्वादहा किलोग्रॅम-मीटरला किंचित कमी, असं म्हणाल तर ते हसतील. "किलो" म्हणा, "दहा किलो" म्हणा, काम होतं.

[दृश्य: पाच नटांचं चाक, वरून. पाना एका नटावरून समोरच्या नटावर.]

चाक हवेत असताना निम्म्या आकड्याने एक फेरी. एक नट, मग समोरचा. पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखं. चाक मध्यात बसतं ते याच फेरीत. मग जॅक खाली, टायर जमिनीला टेकलेलं, आणि पूर्ण आकड्याने दुसरी फेरी. पाना सावकाश ओढायचा. क्लिक ऐकू आलं की थांबायचं. खात्रीसाठी आणखी दोनदा क्लिक करायची सवय अनेकांना असते, त्याने दर वेळी नट थोडा पुढे जातो. या गाडीला चारही चाकांचा मिळून वेळ लागला अकरा मिनिटं, ब्रश धरून.

[दृश्य: रिमच्या भोकाभोवती चमकणारं कडं. नटाखालून उतरलेली गंजाची रेघ.]

हे मात्र ज्याचं त्याला घरी दिसतं. नटाभोवती धातू घासून चमकतोय, नटाखालून गंजाची तांबूस रेघ आलीय, भोक गोल असायचं ते लांबट झालंय. हळू वेगात टकटक ऐकू येतं, वेग वाढला की थांबतं. अशी गाडी पुढे चालवायची नाही. चाक निखळतं ते याच्यानंतर. लांबट भोकाचं रिम परत वापरायचं नाही, आणि एक स्टड तुटला असेल तर त्या चाकाचे सगळे बदलायचे, कारण बाकीच्यांनी त्याचा भार आधीच सोसलेला असतो.

[दृश्य: तुळजापूर रोड, गाडीच्या काचेतून. मग घराच्या अंगणात टॉर्क पाना.]

नवं अलॉय, नवा रंग दिलेलं रिम किंवा नुसतं काढून बसवलेलं चाक, सगळ्यांना पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासायचा. रंग चेपतो, अॅल्युमिनियम बसतं. सोलापूरकरांना हे अंतर मोजायची गरज नाही: अक्कलकोटला जाऊन आलात किंवा तुळजापूरला जाऊन आलात, की झालं. गाडी गार होऊ द्या. तापलेल्या चाकावरचा आकडा धरू नका, आणि आपल्या उन्हाळ्यात दुपारी दोनला तर नकोच.

रस्त्यात स्टेपनी लावली असेल तर ती व्हीलपान्यानेच लागलेली असते. घरी पोचल्यावर तिचाही टॉर्क घ्या. अलॉय गाडीची स्टेपनी बहुतेक वेळा लोखंडी असते. तिला तेच नट चालतात की वेगळे लागतात, हे पुस्तकात बघून ठेवा. वेगळे लागत असतील तर डिकीत ठेवा.

[दृश्य: पाना डब्यात ठेवताना, मुठीवरचा आकडा जवळून.]

अर्ध्या इंची, २०० न्यूटन मीटरपर्यंतचा साधा क्लिकवाला पाना काही हजारांत मिळतो. दोन-तीन शेजाऱ्यांत मिळून एक घेतला तरी चालतो. नट सोडवायला तो कधीच वापरू नका. काम झालं की आकडा सर्वांत खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते आणि पुढच्या वेळी शंभरावरचं क्लिक शंभरावर होत नाही.