नांगर टाकून बसलेली घाई

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख ‘समुद्रावरचे गृहस्थ’ अशी करून दिली. आपल्या बडोद्याला समुद्र नाही, सुरसागर तलाव आहे. त्यामुळे चौतीस वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढली तरी दांडिया बाजारातले माझे शेजारी अजून मला नेव्हीतलाच समजतात. मी होतो मालवाहू जहाजांवर, कोळसा, गहू, खत वाहणाऱ्या. शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनिअर. आजचा विषय विमानं आणि जहाजं यांचा धूर कमी करण्याचा आहे. त्यात विमानांवर मी थोडंच बोलेन. ज्यात हात काळे झाले त्यावरच माणसानं जास्त बोलावं.

कोयलीची रिफायनरी आपल्या उशाशी आहे. क्रूडमधून पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन असा सगळा चांगला माल काढून घेतला की तळाशी जो काळा गाळ उरतो, तेच बहुतेक मोठ्या जहाजांचं जेवण. गार असताना डांबरासारखं घट्ट. इंजिनात सोडायच्या आधी त्याला 120-130 अंशांपर्यंत तापवावं लागतं. असं एक टन तेल जाळलं की तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. एकाचे तीन कसे, असं आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं होतं. हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, त्याचं ते वजन.

2018 साली जगातल्या जहाजांनी असे शंभर कोटी टनांहून जास्त वायू सोडले. माणसाच्या एकूण उत्सर्जनातले साधारण 3 टक्के. विमानांचा कार्बन डायऑक्साइड अडीच टक्क्यांच्या आसपास, शिवाय आकाशात त्यांच्या मागे ज्या पांढऱ्या रेघा उमटतात त्याही उष्णता अडवतात. पण हा धूर लिहायचा कुणाच्या नावावर? जहाज कोरियात बांधलेलं, मालक ग्रीक, झेंडा पनामाचा, खलाशी आपले आणि फिलिपिन्सचे, कोळसा ऑस्ट्रेलियाचा, उतरणार गुजरातेत. सातबाऱ्यावर नाव कुणाचं? 1997 च्या क्योटो करारात हा गुंता सुटला नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय जहाजं लंडनच्या सागरी संघटनेकडे आणि विमानं माँट्रियलच्या हवाई संघटनेकडे सोपवून सगळे मोकळे झाले.

आता माझ्या आवडीची गोष्ट: वेग. जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर ताकद सत्तावीस टक्के कमी लागते. पोचायला वेळ जास्त लागतो तो धरला, तरी त्याच प्रवासाचं तेल एकोणीस टक्के वाचतं. नवं यंत्र नको, नवं इंधन नको. 2008 मध्ये तेल भडकलं आणि पाठोपाठ मंदी आली, तेव्हा कंटेनर कंपन्यांनी जहाजं हळू चालवून पाहिली. पर्यावरणासाठी नव्हे हो, खिशासाठी. धूर मात्र कमी झाला.

मग सगळेच हळू का जात नाहीत? एक अनुभव सांगतो. ऑस्ट्रेलियातून कोळसा घेऊन आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराकडे निघालो होतो. चौदा नॉटनं, म्हणजे तासाला चौदा सागरी मैल, वीस दिवस, रोज 35 टनांच्या आसपास तेल. मी कॅप्टनला म्हटलं, जरा हळू घेऊ या, पिस्टन रिंगा कुरकुरतायत. तो म्हणाला, चीफ, करारात लिहिलंय, शक्य तितक्या लवकर पोचायचं. पोचलो. आणि बाहेर नांगर टाकून अकरा दिवस बसलो! धक्का रिकामा नव्हता. हे ऑस्ट्रेलियातून निघतानाच माहीत असणार होतं. दहा टक्के हळू आलो असतो तर दोन दिवस उशीर झाला असता, सव्वाशे टनांहून जास्त तेल वाचलं असतं आणि तरीही नऊ दिवस मासे पकडत बसलो असतो.

यात मूर्खपणा कुणा एकाचा नाही. बंदरात जो आधी येईल त्याचा नंबर आधी. शिवाय ठरल्यापेक्षा जास्त थांबावं लागलं तर जहाजमालकाला डिमरेज मिळतं, म्हणजे खोळंब्याचे पैसे. आणि जहाज ठरावीक मुदतीसाठी भाड्यानं दिलेलं असेल, तर तेलाचा खर्च भाड्यानं घेणाऱ्याचा. मग मालकाला घाईचं दुःख कशाला असेल? आपल्याकडे रेशनच्या दुकानापुढं लोक पहाटे पिशवी ठेवून नंबर लावत आणि घरी चहा प्यायला जात. जहाजांना पिशवी ठेवायची सोय नव्हती, इतकंच. ऑस्ट्रेलियातल्याच न्यूकॅसल बंदराबाहेर 2007 च्या जूनमध्ये पन्नासहून जास्त जहाजं ताटकळत होती. वादळ आलं आणि त्यातलं ‘पाशा बल्कर’ थेट किनाऱ्यावर चढलं. पुढं त्या बंदरानं नंबर आधीच देण्याची पद्धत आणली. पिशवी ठेवली, आता सावकाश या.

इंधनांबद्दल दोन शब्द. मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज, ‘लॉरा मर्स्क’, 2023 मध्ये निघालं. ते मिथेनॉल कोळशापासून केलेलं असेल तर मात्र सगळं मुसळ केरात. अमोनियात कार्बन नाही, पण गळला तर इंजिन रूममधल्या माणसाचा जीव जाईल. मी त्या जहाजावर आनंदानं चढलो नसतो. नैसर्गिक वायूचं कौतुक फार होतं, पण त्यातला न जळलेला मिथेन निसटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो. शिडांची आम्ही थट्टा करायचो. ‘पिक्सिस ओशन’ या मालवाहू जहाजावर 2023 मध्ये 37.5 मीटर उंचीची दोन शिडं बसवली, तेव्हा थट्टा थांबवली.

विमानाचं दुखणं वजनाचं. किलोभर इंधनात जेवढी ऊर्जा, तेवढी बॅटरीत भरायची तर चाळीस-पन्नास किलो बॅटरी लागते. म्हणून वापरलेलं खाद्यतेल, उसाचं अल्कोहोल यांपासून इंधन करतात. मे 2023 मध्ये पुणे-दिल्ली विमान देशी जैवइंधनाच्या मिश्रणावर उडालंही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आपलं लक्ष्य 2027 ला 1 टक्का, 2030 ला 5. आपल्या सेवउसळीच्या आणि फरसाणाच्या दुकानांचं सगळं तेल गोळा केलं तरी आपल्या हरणी विमानतळाहून उडणारी किती विमानं मुंबईला पोचतील, याची मला शंकाच आहे. मुंबईला मी रात्रीच्या रेल्वेनं जातो. विजेवर चालते, आणि झोपही लागते.

धुरावर दाम लावायचा एक आराखडा सागरी संघटनेत एप्रिल 2025 मध्ये मंजुरीपर्यंत आला होता. ऑक्टोबरात लंडनमध्ये मतदान झालं आणि 57 विरुद्ध 49 मतांनी निर्णय वर्षभर पुढं ढकलला. म्हणजे तोही नांगर टाकून बसला.

मागून त्या ताई विचारतायत, मुलगा अमेरिकेत आहे, जाऊ नये का? जा की. माझीही मुलगी तिथंच आहे. पूर्वी वर्षातून दोनदा तीन-तीन आठवड्यांसाठी पळत जायचो, आता दोन वर्षांतून एकदा जातो आणि तीन महिने राहतो. जावयांना अजून सवय व्हायची आहे.